व्यायामाचा हिशेब पडणे टाळण्यातून मांडावा

विसरणे वाढले आहे, पण रोजचे व्यवहार अजून जमतात, अशा वयात व्यायामावरचा खर्च वसूल होतो का? कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये अशा ७० ते ८० वयाच्या ८६ स्त्रियांवर सहा महिने प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा वजने उचलणाऱ्या किंवा भरभर चालणाऱ्या गटांचा खर्च, नुसते तोल सांभाळण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी आला, असे २०१३च्या अभ्यासात दिसले. व्यायामाने ज्येष्ठांचे पडणेही सुमारे २३ टक्क्यांनी घटते, हा २०१९च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष. माझ्या मते खरी बचत तिथेच आहे. खुबा मोडला की शस्त्रक्रिया, आमच्या येळ्ळूर गावातून बेळगावच्या रुग्णालयाच्या खेपा आणि घरातल्या एकाचा बुडालेला रोजगार, सगळेच अंगावर येते.

ब्रिटनमधील २०१८च्या ‘डापा’ चाचणीचा दाखला उलटा आहे. डिमेन्शिया जडलेल्या माणसांची ताकद व्यायामाने वाढली, बुद्धीची घसरण मात्र थांबली नाही आणि पैसाही वसूल झाला नाही. म्हणूनच सुरुवात लवकर हवी. जन्मभर शेतात राबलेल्यांना कसला व्यायाम, असे येळ्ळुरात कोणी विचारेल. भातलावणीचे कष्ट खरेच, पण शेत मुलांच्या हाती गेले की तेच पाय दिवसभर सोप्यात बसून राहतात. हात न टेकता खुर्चीतून दहादा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पायाला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करणे, यांना यंत्र लागत नाही. खर्च आहे तो शिकवणाऱ्याच्या मानधनाचा, आणि तो पंचायतीने उचलावा.