सीमेवरचं पटांगण – लेखांक ७ : बाद झालेलं पोर काय करतं?

मागच्या लेखांकात प्रार्थनेनंतरच्या दहा मिनिटांत काय खेळता येतं ते पाहिलं. या आठवड्यात पूर्ण तासाच्या, सगळ्या वर्गाला पुरणाऱ्या खेळांकडे वळू. खेळ निवडण्याआधी एक साधा हिशेब करून बघा. ३० मुलं आणि २९ खुर्च्या घेऊन संगीत खुर्ची सुरू केली, तर विजेता ठरेपर्यंत २९ फेऱ्या होतात. पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल उरलेल्या २८ फेऱ्या भिंतीला टेकून बघत बसतं. फेरीला एक मिनिट धरलं तरी जवळजवळ अर्धा तास गेला. आणि पहिल्या फेरीत बाद कोण होतं? जे बुजरं आहे, ज्याला सूचना नीट कळली नाही, जे धावण्यात मागं पडतं ते. ज्याला खेळाची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला सगळ्यांत कमी खेळ येतो.

सूचना न कळणं ही आपल्या भागात किरकोळ गोष्ट नाही. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, नाहीतर कलबुर्गीकडच्या आळंद तालुक्यातल्या एखाद्या गावचं पटांगण डोळ्यांसमोर आणा. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू, तांड्यावरून येणाऱ्या मुलांच्या तोंडी गोरमाटी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा तोवर बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. मामाचं गाव रेषेपलीकडं आणि शाळा अलीकडं अशी घरं आजही जागोजागी आहेत. २०१५ च्या कायद्यानुसार २०१७-१८ पासून कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं कन्नड अनिवार्य झाली. मराठी घरातलं सहा वर्षांचं पोर ती भाषा पाटीवर गिरवण्याआधी पटांगणावर ऐकू लागलं, तर त्याची भीती निम्म्यानं कमी होईल असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी असे खेळ हवेत, ज्यांत चुकलेलं पोर बाहेर फेकलं जात नाही. ते नव्यानं शोधायला नकोत. आपल्या आज्या-पणज्यांनी ते खेळून ठेवले आहेत.

विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं शिवलं की 'विष', पोर जागच्या जागी बसतं. सोबत्यानं येऊन हात लावला की 'अमृत', पोर पुन्हा पळायला मोकळं. ३० मुलांत तिघांवर राज्य द्यावं, म्हणजे धावपळ पुरेशी होते. यात मी एक भर सुचवतो. बसलेल्या मुलानं सुटण्याआधी सोबत्याच्या भाषेतला एक शब्द म्हणायचा. मराठी मुलानं 'नीरु' म्हणायचं, कन्नड मुलानं 'पाणी'. एकाला केळं म्हणता आलं पाहिजे, दुसऱ्याला 'बाळेहण्णु'. शब्द येत नसेल तर सोडवायला आलेल्यानंच तो कानात सांगायचा. दोन-तीन आठवड्यांत शब्द संपत आले की रंग, प्राणी, भाज्या असे विषय वाटून द्यावेत. इथं शिकवणारा सोबतीच असतो, त्यामुळं चुकण्याची लाज वाटत नाही.

साखळीचंही तसंच. पकडलेलं पोर पकडणाऱ्याचा हात धरून त्याच्याच बाजूचं होतं. साखळी चार जणांची झाली की ती तोडून दोन-दोनच्या दोन साखळ्या कराव्यात, नाहीतर लांब साखळीत टोकाची लहान मुलं फरफटतात आणि पडतात.

लगोरीला मात्र थोडा वेळ द्यायला हवा, कारण या खेळाचं साहित्य खास आपलं आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतून जी शाहाबादी फरशी दिसते, ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावानं ओळखली जाते. हा चुनखडीचा दगड थराथरानं सुटतो, म्हणून त्याचे तुकडे चपटे निघतात आणि एकावर एक नीट बसतात. अशा सात चकत्या, कडा घासून बोथट केलेल्या, आणि चिंध्यांचा एक चेंडू एवढ्यावर तास निघतो. एका बाजूनं चेंडू मारून लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची. दुसऱ्या बाजूनं रचणाऱ्यांना चेंडू मारून अडवायचं. चेंडू लागला की बाद, हा रूढ नियम. प्राथमिक शाळेत तो बदलावा. चेंडू लागलेल्यानं ठरलेल्या झाडापर्यंत लंगडी घालत जाऊन यावं आणि पुन्हा खेळात शिरावं. चेंडू गुडघ्याच्या खालीच मारायचा, यावर मात्र शिक्षकांनी अजिबात सवलत देऊ नये. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं आणि मुरमाड आहे. चेंडू चुकवताना घसरलेल्या पोराचा गुडघा लगेच सोलवटतो. खेळाआधी मुलांकडूनच पाच मिनिटं खडे वेचून घ्यावेत.

खो-खोबद्दल वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलांना हे आवर्जून सांगावं. पारंपरिक स्पर्धेत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात उतरतात, आठ पाटीवर बसतात आणि एक धावतो. वर्गात मात्र बाद झालेल्या पोरानं पाटीवरची एक जागा घ्यावी आणि तिथलं पोर पळायला उठावं. गुण मोजणं अवघड होतं, हे खरं. पण तिसरीच्या वर्गाला गुणफलक कशाला हवा?

धावण्याचा कंटाळा आला किंवा ऊन चढलं की गोल करून बसावं. मामाचं पत्र हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. कन्नड मुलं तोच खेळ टोपी घेऊन खेळतात. बाकी गोल, पाठीमागून फिरणारा आणि दचकून उठणारा गडी सगळं तेच. एक डाव रुमालाचा आणि एक डाव टोपीचा खेळावा, आणि प्रत्येक डावात त्या त्या भाषेतलं गाणं सगळ्यांनी म्हणावं. 'चिमणी भुर्र' हाही असाच सोपा खेळ. चिमणी, कावळा, म्हैस अशी नावं घ्यायची आणि उडणाऱ्या प्राण्यालाच बोट वर करायचं. पुढच्या फेरीत 'गुब्बी', 'कागे', 'एम्मे'. म्हशीला उडवणाऱ्यानं बाहेर न जाता पुढची नावं घ्यायला उभं राहायचं. बुजऱ्या पोराला सगळ्यांसमोर बोलायची अशी संधी एरवी क्वचितच मिळते.

मार्च-एप्रिलमध्ये कलबुर्गीचा पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत अकरानंतर पटांगण बंद ठेवावं आणि व्हरांड्यात चल्लस मांडावा. खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखला की झालं. कन्नड घरांत हाच पट चौकाबारा म्हणून ओळखीचा आहे. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्यावेत. एक बाजू पांढरी आणि एक काळी, त्यावर दान मोजता येतं. चौघांचा एक पट याप्रमाणं ३० मुलांना आठ पट पुरतात.

आता गडी वाटण्याविषयी. दोन कप्तान उभे करून एकेकाला निवडायला लावणं बंद करा. शेवटी उरलेलं पोर कोण असतं हे अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं. आपल्याकडची जुनी रीत याहून शहाणी आहे. सारख्या ताकदीचे दोघं जोडी करून बाजूला जातात, एक चंद्र होतो, एक सूर्य, आणि येऊन कप्तानांना विचारतात की कोण हवा. कप्तानाला नाव कळत नाही, संघ समतोल होतात आणि नको असलेलं असं कुणी उरत नाही.

आणि लिंबूटिंबू. धाकटं भावंड, नव्यानं आलेलं पोर, पायानं अधू असलेलं पोर यांना राज्य न देता खेळात घ्यायचं, ही आपल्या गल्ल्यांनी जपलेली फार मोलाची सोय आहे. पुण्या-हैदराबादकडं मजुरीला गेलेल्या घरांतली मुलं वर्षाच्या मध्येच शाळेत परततात, तेव्हा ती उपयोगी पडते. मात्र कुणालाही कायमचं लिंबूटिंबू ठेवू नये. दोन-तीन डाव झाले की 'आता तू पक्का गडी' असं सगळ्यांसमोर सांगावं. अधू मुलासाठी नियम वाकवावा, जसं त्याच्या वाटणीचं धावायला त्यानंच निवडलेला गडी द्यावा. पण त्याचा डाव त्याच्याच नावावर राहू द्यावा.

शिक्षक मित्रांनो, येत्या शनिवारी खेळ रंगात आला असताना क्षणभर शिट्टी बाजूला ठेवा आणि किती मुलं नुसती बसून आहेत ते मोजा. दोनपेक्षा जास्त असतील तर तिथल्या तिथं नियम बदला. मुलं कुरकुर करतील, पण पुढच्या डावात विसरतील. तुमच्या गावात 'बाद' नसलेला एखादा खेळ असेल तर त्याचे नियम आम्हाला कळवा. पुढच्या लेखांकात पावसाळ्यात, काळ्या मातीचा चिखल झालेला असताना, वर्गात बाकं सरकवून खेळायचे डाव पाहू.