जुनी विंडोज ठेवायची की नवी घालायची?

आज संगणकाबद्दल बोलू. समुद्रपूर तालुक्यात, मग ते गिरड असो, कोरा असो, मांडगाव नाहीतर जाम, ज्या जणी सेवा केंद्र चालवतात, टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवतात, किंवा ज्यांच्या ग्रामसंघाच्या खोलीत एक संगणक आहे, त्यांच्यासाठी हा विषय आहे. गटाचा हिशोब आता लोकॉसवर मोबाईलमधून भरतो हे खरं. पण ठराव, बँकेची पत्रं, बिलं आणि अर्ज संगणकावरच होतात.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा फुकटचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, कालच्यासारखाच चालतो आहे. म्हणून गटात दोन मतं पडतात. सचिवताई म्हणते, "चालतं आहे ना, मग हात कशाला लावायचा? नवीन घातलं आणि प्रिंटर रुसला तर?" अध्यक्षताई म्हणते, "अहो, गटाचा पैसा त्यातून जातो. चोर शिरला तर कोण भरणार?" दोघींचंही म्हणणं खोटं नाही.

आधी विंडोज म्हणजे काय ते पाहू. पडदा, कीबोर्ड, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम, या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी ती व्यवस्था. प्रिंटरची भाषा तिला समजावी म्हणून एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोज बदलली की जुना ड्रायव्हर चालेलच असं नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिटची निघते, त्यामुळे ३२ बिटच्या विंडोजसाठी बनवलेला ड्रायव्हर तिच्यात बसतच नाही. सचिवताईची भीती इथून येते.

आणि ती भीती जुनी आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा कितीतरी प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर तयारच नव्हते. लोक कंटाळून परत एक्सपीवर गेले. २००९ साली विंडोज ७ आली, तोवर ड्रायव्हर तयार झाले होते आणि गाडी रुळावर आली. सोयाबीनचं नवीन वाण आपण पहिल्या वर्षी सगळ्या वावरात पेरत नाही, एखाद्या एकरात पाहतो, तसंच हे. पण विंडोज ११ आता पहिल्या वर्षातली नाही. ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली. अधूनमधून एखादा अपडेट अजूनही घोळ घालतो, पण नेहमीच्या यंत्रांचे ड्रायव्हर बहुतेक मिळतात.

आता अध्यक्षताईची बाजू. मे २०१७ मध्ये वानाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. तो संगणकातल्या फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागायचा. केरळमधल्या वायनाड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही तो शिरला. ज्या फटीतून तो आला, ती बुजवणारा अपडेट कंपनीने मार्चमध्येच दिला होता. अडकलेल्यांपैकी बहुतेकांनी तो घेतलेला नव्हता. आधार संपलेल्या विंडोजला असा अपडेट सहसा येत नाही, फट उघडीच राहते.

माझं मत विचाराल तर ज्या संगणकावर अंगठा घेतला जातो किंवा बँकेचं काम होतं, तो विंडोज ११ वर न्यावा. मात्र त्याची तेवढी ताकद हवी. कमीत कमी ४ जीबी रॅम (कामाला ८ बरी), ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट प्रोग्राम टाकला की तो बसतं की नाही ते सांगतो. बसत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत. काही जण न बसणाऱ्या संगणकातही युक्तीने ११ घालून देतात. ते घेऊ नका, अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही.

सगळ्यात जास्त रडवतात ते मराठी फॉन्ट, आणि त्याबद्दल दुकानदार बोलत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरंच साठवतो, फक्त दिसायला मराठी काढतो. नव्या संगणकात तो फॉन्ट नसला की पाच वर्षांचे ठराव उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाईल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून जुन्या फॉन्टच्या फायली आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवा आणि महत्त्वाचे कागद सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडमधलं मराठी कुठल्याही संगणकावर आणि मोबाईलवर वाचता येतं. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. मंगल हा फॉन्ट नव्या विंडोजमध्ये सुरुवातीला नसू शकतो. मग अक्षर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतं, ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की मंगल मिळतो.

बदल कधी करायचा, हेही पाहायला हवं. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, जुलैत पीक विम्याची, तेव्हा नको. चार ते सहा जीबी डेटा लागतो, म्हणून लाइट जाणार नाही असा दिवस धरा, इन्व्हर्टर असेल तर उत्तमच. त्याआधी सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसरीकडे. प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याच्या यंत्राचं नाव व मॉडेल वहीत लिहून घ्या आणि त्या कंपनीच्या संकेतस्थळावर विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का ते पाहून घ्या. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिसही पुन्हा टाकावी लागू शकते. ११ घातल्यावर पहिले दहा दिवस मागे परत विंडोज १० वर जाता येतं. म्हणून त्याच आठवड्यात एकेक काम करून पाहा: प्रिंट काढा, अंगठा घ्या, जुना ठराव उघडा. दहा दिवसांनी लक्षात आलं तर सगळं नव्याने टाकावं लागतं.

संगणक ११ साठी बसत नसेल तरी लगेच चाळीस हजार खर्च करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी केली आणि सेटिंगची प्रत त्या खात्यात ठेवली, तर विंडोज १० च्या सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट मिळतात. फक्त टायपिंगला वापरायचा असेल तर इंटरनेट काढून तोच चालू द्या. लिनक्सही आहे. सी-डॅकने बनवलेलं बॉस लिनक्स फुकट मिळतं, केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच शिकतात. पण अंगठ्याचं यंत्र त्यावर चालेल का, हे आधी विचारा.

नवा संगणक घ्यावाच लागला, तर बिलावर विंडोजच्या परवान्याचा उल्लेख करून घ्या, आणि पैसे देण्याआधी आपला प्रिंटर दुकानात नेऊन त्याच संगणकाला जोडून एक पान छापून पाहा.