ठसा पोचला, भेट झाली

एखादी गोष्ट पक्की ठरली की आपण म्हणतो, ‘शिक्कामोर्तब झालं.’ हा शब्द आपल्या जुन्या पत्रव्यवहारातून आला. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी लहान मोर्तब उठवलेली असे. मोर्तब उठली म्हणजे पत्र पुरं झालं, त्यापुढं कुणी दोन ओळी घुसडू शकत नसे. लिहिणारा समोर नसला तरी त्याचा ठसा त्याच्या वतीनं बोलत असे. ‘हे माझं, आणि मी इथपर्यंत पोचलो’ एवढं सांगायला एक ठसा पुरतो. आज ज्या छंदाविषयी बोलायचं आहे, तो याच साध्या गोष्टीवर उभा आहे. त्याचं नाव लेटरबॉक्सिंग.

नाव ऐकून कोपऱ्यावरची लाल टपालपेटी डोळ्यांपुढं आली असेल, तर ती थोडी बाजूला ठेवू. या छंदातला लेटरबॉक्स म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला लहानसा डबा. त्यात एक हातानं कोरलेला ठसा असतो आणि एक छोटी वही असते. शोधणाऱ्याकडंही स्वतःचा ठसा आणि स्वतःची वही असते. लपवणाऱ्यानं दिलेल्या खुणांवरून डबा सापडला, की डब्यातला ठसा आपल्या वहीत उठवायचा, आपला ठसा डब्याच्या वहीत उठवायचा, तारीख घालायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. दोन ठशांची अदलाबदल, एवढाच व्यवहार.

याची सुरुवात इंग्लंडमधल्या डार्टमूर या ओसाड माळरानावर झाली. शेरलॉक होम्सची ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी वाचलेल्यांना हे माळरान ओळखीचं असेल. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं तिथल्या क्रॅनमियर पूल या आडवळणी, दलदलीच्या जागी एक बाटली ठेवली. इतकी पायपीट करून येणाऱ्यानं आपलं भेटकार्ड त्या बाटलीत टाकावं, अशी कल्पना. पुढं लोक तिथं स्वतःचाच पत्ता लिहिलेली पत्रं आणि कार्डं ठेवू लागले. मागून येणारा प्रवासी ती उचलून गावात आल्यावर टपालात टाकी. आपलं पत्र आपल्याकडं परत आलं की समजायचं, आपल्या मागोमाग कुणीतरी तिथं पोचलं. लेटरबॉक्स हे नाव पडलं ते यामुळं. म्हणजे टपाल हा या खेळाचा मूळ धागाच आहे. १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात यावर लेख आला आणि छंद अमेरिकेत पसरला. तिथंच त्याचे घरातले आणि टपालातले प्रकार रुजले. आपल्याला जवळचे वाटावेत असे तेच आहेत.

असं का म्हणतो? एक तर आपल्याकडं सार्वजनिक जागी बेवारस डबा ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. बसस्थानकावर आणि रेल्वे स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ अशा सूचना आपण रोज ऐकतो, आणि त्या योग्यच आहेत. तेव्हा रंकाळ्याच्या कठड्याखाली किंवा भवानी मंडपाच्या कमानीत डबा लपवायचा विचारसुद्धा करू नये. गडकोटांच्या दगडांत डबे खुपसणं, त्यासाठी दगड हलवणं हेही नको. दुसरं कारण आपल्या पावसाचं. आषाढ-श्रावणात कोल्हापूरकडं झड लागली की मुलं आठ-आठ दिवस घरात अडकतात. आणि तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गुडघ्यांनी साथ सोडलेली आजी, अंथरुणाला खिळलेला शेजारी, प्लॅस्टरमध्ये पाय असलेला मुलगा यांना डोंगरातला डबा कधीच सापडणार नाही. घरातला आणि टपालातला मात्र सापडेल.

सुरुवात आपल्या ठशापासून करावी. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे आपण सगळ्यांनीच उठवले आहेत. इथं भेंडीऐवजी मोठं, मऊ, पांढरं खोडरबर घ्या. साध्या कागदावर रबराच्या मापाचं सोपं चित्र मऊ पेन्सिलीनं गडद काढा. कोल्हापुरी चप्पल, गुळाची ढेप, तालमीतली गदा, आपल्या नावाचं आद्याक्षर, काहीही चालेल. हा कागद चित्राची बाजू खाली करून रबरावर ठेवा आणि मागून नखानं घासा. चित्र रबरावर उलटं उतरेल. ते उलटंच हवं, कारण ठसा उठवताना ते पुन्हा सुलटं होतं. अक्षरं कोरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. आता जिथं शाई नको तो भाग टोकदार कटरनं उथळ कोरून काढा. उठून राहणारी रेघ खालून पोखरू नका. तिच्या दोन्ही बाजू उतरत्या ठेवा, नाहीतर ती दाबानं तुटते. मुलं कोरत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं आणि पातं नेहमी बोटांपासून दूर जाईल असं चालवावं. शाईची गादी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

ठसा आणि वही तयार झाली की घरातला खेळ मांडता येतो. साबणाची जुनी डबी किंवा बिस्किटांचा छोटा पत्र्याचा डबा घ्या. त्यात दुसरा एक ठसा आणि चार कागद शिवून केलेली वही ठेवा. डबा माळ्यावर, शिवणाच्या यंत्राखाली, धान्याच्या पिंपामागं, जिथं सुचेल तिथं लपवा. गॅस, विजेची बटणं, औषधांचं कपाट यांच्या आसपास मात्र नको. खरी गंमत खुणा लिहिण्यात आहे. ‘आजीचा चष्मा रात्री जिथं झोपतो, तिथून दाराकडं सात पावलं. वर बघू नका, वाका.’ अशा दोन-तीन ओळी पुरेत. खूण अवघड असावी, पण खोटी नसावी. शोधणारा दमून हरला तर लिहिणारा जिंकला असं इथं नसतं. डबा सापडला तरच दोघांचं काम झालं.

घराबाहेर, पण छपराखाली खेळायचं तर वाचनालयासारखी दुसरी जागा नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. आपल्या गावागावांतही जुनी वाचनालयं आहेत. अमेरिकेत पुष्कळ डबे ग्रंथालयांत असतात आणि कधीकधी खुणेत पुस्तकांचे वर्गीकरण क्रमांक वापरतात. ड्युई पद्धतीत ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. मग खूण अशी होते : ‘८९१.४६ च्या कपाटाशी या. खालून दुसरा कप्पा. जाड पुस्तकांच्या मागं एक पातळ पुस्तक आहे, त्याला पानं नाहीत.’ पण इथं पहिली अट परवानगीची. ग्रंथपालांना डबा उघडून दाखवावा, त्यावर ‘हा खेळाचा डबा आहे’ असं लिहून ठेवणाऱ्याचं नाव घालावं. त्यांना सोयीचं वाटलं तर डबा त्यांच्या टेबलावरच ठेवावा आणि ठरलेला शब्द सांगणाऱ्यालाच तो मिळावा.

आता टपालाचा प्रकार. ज्यांना भिशी ठाऊक आहे त्यांना तो लगेच कळेल. समजा सहा घरं ठरली : कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव, पुणे, नाशिक आणि नागपूर. कोल्हापूरच्या घरानं एका विषयावर ठसा कोरला, सोबत वही जोडली आणि सहा पत्त्यांची यादी घालून पाकीट इचलकरंजीला धाडलं. तिथल्यांनी ठशांची अदलाबदल करून ते बेळगावला पाठवायचं, त्यांनी पुण्याला, असं करत शेवटी ते कोल्हापूरला परत यायचं. वाटेत सहा प्रवास आणि पाच मुक्काम. प्रवासाला सरासरी पाच दिवस आणि मुक्कामाला सात दिवस धरले तर ६५ दिवसांत फेरी पुरी होते. आषाढात निघालेला डबा गणपतीच्या सुमारास घरी येतो. प्रत्येकानं मुक्काम दुप्पट केला तर हेच १०० दिवस होतात. सहाही घरांनी एकेक डबा एकाच वेळी, एकाच दिशेनं सोडला तर तेवढ्याच काळात प्रत्येकाच्या वहीत सहा ठसे जमतात.

हिशेब सोपा आहे, पण कुठंतरी एका घरात डबा कपाटावर पडून राहिला की बाकी पाच घरं ताटकळतात. भिशीत जसा एकाचा हप्ता चुकला की सगळं अडतं, तसंच हे. म्हणून पहिली फेरी चार-पाच ओळखीच्या घरांचीच करावी. डबा आला की एका पोस्टकार्डानं किंवा फोननं ‘पोचला’ एवढं कळवावं, आणि सात दिवसांत पुढं धाडावा. ‘हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल’ अशी कार्डं एके काळी घरोघरी येत. ही साखळी त्याच्या अगदी उलट आहे. इथं भीती कसलीच नाही. असतो तो फक्त भरवसा.

पाठवण्याची थोडी काळजी घ्यावी. ठसा कापडात किंवा पातळ फोममध्ये गुंडाळावा. साध्या पातळ पाकिटात घातला तर तो कागद फाडून बाहेर येतो, म्हणून जाड किंवा कापडी अस्तराचं पाकीट घ्यावं. शाईची गादी पाठवू नये, ती गळते. प्रत्येकानं घरचीच वापरावी. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळं पाकीट कुठवर पोचलं हे पाहायचं असेल तर स्पीड पोस्ट करावं आणि पावती फेरी पुरी होईपर्यंत जपावी. पिनकोड विसरू नये. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यातले शेवटचे तीन आकडे वाटप करणारं टपाल कार्यालय सांगतात. तिथं एक आकडा चुकला की डबा भलत्याच गावाची वारी करून येतो. आणखी एक पथ्य : मुलांचे पत्ते अनोळखी माणसांना देऊ नयेत. पाकिटावर घरातल्या मोठ्यांचंच नाव असावं.

आता आपण म्हणाल, फोनवर एका क्षणात फोटो जातो, मग एवढा खटाटोप कशाला? फोटो जातो हे खरं, पण तो हातातून हातात जात नाही. डब्याची वही मात्र सहा घरांतून फिरून येते. एका पानावर नातीचा वाकडा, शाई सांडलेला ठसा, पुढच्या पानावर नागपूरच्या काकांचं रेखीव अक्षर, त्याखाली ज्या आजीला आता उंबऱ्याबाहेर पडता येत नाही तिनं दाबून उठवलेलं तुळशीचं पान. ती आजी कुठं गेली नाही, तरी सहा गावांतल्या वह्यांत तिची खूण उमटली. पुढंमागं माणसं पांगतात, काही निघूनही जातात. वही उघडली की कोण कोण होतं, कुठल्या तारखेला होतं, ते तिथं शाईत असतं. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांतल्या काहींच्या हाताशी फार वर्षं नसतात. म्हणून चार पत्ते आजच लिहून काढावेत. खोडरबर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतंच.