वैमानिकाच्या तासांचा हिशेब

कळव्याच्या कारशेडमधून भल्या पहाटे रिकामी लोकल बाहेर पडते. तिच्या मोटरमनची ड्यूटी केव्हा सुरू झाली, असे कोणालाही विचारून पाहा. गाडी हलली तेव्हा, असेच उत्तर बहुधा मिळेल. ते बरोबर नाही. मोटरमनने त्याआधीच हजेरी लावलेली असते, सूचना वाचून सही केलेली असते, गाडी तपासलेली असते. गाडी चालवण्याचे तास निराळे, ड्यूटीचे तास निराळे. आगगाडीच्या चालकांचा हा हिशेब ठेवण्यासाठी रेल्वेने 'क्रिस' या आपल्याच संस्थेकडून 'क्रू मॅनेजमेंट सिस्टिम' नावाची संगणकीय व्यवस्था करवून घेतली आहे.

विमानाच्या बाबतीत हाच भेद अधिक बारकाईने पाळावा लागतो. विमान उड्डाणासाठी जागचे हलल्यापासून परत येऊन थांबेपर्यंतचा काळ म्हणजे उड्डाणाचा वेळ. वैमानिक कामावर हजर झाल्यापासून मोकळा होईपर्यंतचा काळ म्हणजे ड्यूटी. विमानतळावर राखीव म्हणून बसवून ठेवले, किंवा दुसऱ्या गावाहून विमान आणायचे म्हणून त्याला प्रवासी करून पाठवले, तरी ती ड्यूटीच. मात्र घरून निघून कळव्याच्या पुलावर तासभर अडकलेल्या वैमानिकाचा तो तास ड्यूटीत जमा होत नाही. झोपेतून तो वजा झालेला असतो, हे कोणतेही यंत्र सांगत नाही!

आता तुम्ही म्हणाल, कळव्यात बसून ही विमानाची चर्चा कशाला? तर नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतुकीस खुला झाला आहे आणि ऐरोलीच्या वाटेने तो काही आपल्याला परका नाही. विमान कंपन्या, लहानसहान चार्टर कंपन्या, वैमानिक घडवणाऱ्या शाळा, या सर्वांना पाळ्या लावणारी माणसे लागतात. तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाला वा मुलीला साहेब एक दिवस सांगतील, "वहीवर हे निभत नाही, एखादे सॉफ्टवेअर बघा." त्यांच्यासाठी हे चार शब्द.

प्रथम हे मनाशी पक्के करा की, झालेले तास लिहून ठेवणे हे या सॉफ्टवेअरचे दुय्यम काम आहे. ते तर साधी वहीही करते. पाळी लावण्यापूर्वीच 'हा माणूस उद्या चालणार नाही' असे सांगणे, हे त्याचे खरे काम. मर्यादा ओलांडल्यावर तांबडी अक्षरे दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणजे चोरी झाल्यावर भुंकणारे कुत्रे.

मर्यादा मोजण्यातही मेख आहे. आपल्याकडे प्रवासी विमान कंपन्यांच्या वैमानिकाला सलग ७ दिवसांत ३५ तासांहून आणि सलग ३६५ दिवसांत १,००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. समजा, एकाने शुक्रवार ते रविवार १७ तास उड्डाण केले आणि पुढच्या सोमवार ते बुधवार २० तास. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला, तर दोन्ही आठवडे निर्दोष दिसतात. पण शुक्रवारपासून मोजले तर सहाच दिवसांत ३७ तास भरले! विक्रेत्यापुढे हे उदाहरण ठेवा. त्याचे यंत्र गप्प राहिले, तर चहा पाजून त्याला निरोप द्या.

दुसरी मेख घड्याळाची. विमानवाहतुकीच्या नोंदी जागतिक वेळेने होतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईहून रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी सुटलेले विमान जागतिक वेळेने आदल्या दिवशीच्या १९:१० ला सुटलेले असते. तारीखच बदलली! शिवाय रात्रीच्या कामाचे नियम वैमानिकाच्या अंगातल्या रात्रीशी निगडित; तेव्हा सॉफ्टवेअरला दोन्ही घड्याळे कळली पाहिजेत.

रात्रीचे एवढे कौतुक का, याला कारण आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्रभर उडत आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. विमान नीट रेषेत येत नसतानाही कप्तानाने उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही, हे मुख्य कारण चौकशीत ठरले. पण वाटेत तो दीर्घकाळ झोपला होता आणि त्या झोपेचा अंमल पुरता उतरला नव्हता, हेही त्याच चौकशीने नमूद केले. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचे शरीर सर्वांत मंद असते; तासांची नुसती बेरीज तिथे पुरत नाही.

म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली नियम कडक केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. नियमातली रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबवली, आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्यानंतर हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पुढे काय झाले, ते तुम्हाला आठवत असेल. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणे रद्द झाली आणि लाखो प्रवासी विमानतळांवर खोळंबले. जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने चौकशीतून निघालेली कारणे जाहीर केली. त्यांत अपुरी पूर्वतयारी होती, माणसे आणि विमाने अगदी काठोकाठ वापरण्याची वृत्ती होती, आणि सॉफ्टवेअरच्या व्यवस्थेतल्या उणिवाही होत्या.

या प्रकरणातली एक गोष्ट खरेदीदाराने टिपून ठेवावी. गोंधळानंतर त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून सवलत मिळाली, ती १० फेब्रुवारी २०२६ पर्यंतच. म्हणजे नियमालाही आरंभाची आणि अखेरची तारीख असते. पुढच्या महिन्यातली पाळी लावताना पुढच्या महिन्याचा नियम लागला पाहिजे. त्यासाठी करारातच विचारा: नियम बदलला तर तो यंत्रात कोण घालणार, किती दिवसांत, आणि त्याचे पैसे वेगळे का?

जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांना नियम निराळे. तेव्हा मोठ्या कंपनीने घेतले म्हणून आपणही तेच घ्यावे, यात शहाणपण नाही. चार वैमानिकांच्या कार्यालयाला आटोपशीर यंत्रणा पुरते.

खरेदीपूर्वी आपलाच एक वाईट दिवस कागदावर मांडा. जुलै महिना आहे, नागपूरहून रात्री मुंबईकडे निघालेले विमान पावसामुळे अहमदाबादला वळले आहे, वैमानिक ताटकळला आहे. आता तो मुंबईला येऊ शकतो का? त्याच्या उद्याच्या पाळीचे काय? उत्तर तिथल्या तिथे मिळाले पाहिजे. कमांडरने आपल्या अधिकारात वेळ वाढवला असेल, तर कारणासह त्याची नोंद व्हावी. कोणी मागाहून आकडा बदलला तर जुना आकडा, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ ही तिन्ही राहिली पाहिजेत. वहीतली खाडाखोड निदान दिसते तरी. यंत्रातली दिसेलच असे नाही.

आणि हो, सौदा करण्याआधी ते सॉफ्टवेअर दोनतीन वैमानिकांच्या हाती द्या. स्वतःचे तास त्यांना स्वतःच्या फोनवर दिसतात का, आणि 'मी थकलो आहे' हे कळवण्याची जागा त्यात कुठे आहे, ती त्यांनाच शोधू द्या.