नवी सेडान, जुनी कूपे आणि समृद्धीचा रस्ता

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरहून समृद्धी महामार्ग गाठायचा, तर आधी गावाकडचे रस्ते आणि मग ताशी १२० किलोमीटरची मुभा. मर्सिडीजची सी-१२३ कूपे (१९७७-८५) आणि २०२४ची चाकणमध्ये जुळणारी ई-क्लास याच कसोटीवर पारखायला हव्यात. कूपेचा व्हीलबेस २,७१० मिलिमीटर, ई-क्लासचा ३,०९४. कूपेचा डौल चालवणाऱ्यासाठी, तर सेडानची ऐसपैस जागा मागे बसणाऱ्यासाठी.

'जुना पत्रा दणकट' असा आक्षेप ठरलेला. पण गाडी चेपली नाही, तर धक्का थेट माणसाला बसतो. म्हणून पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा करतात. ही युक्ती मर्सिडीजने १९५९मध्येच आणली आणि ती या कूपेतही आहे. तरी आज गृहीत असलेल्या अनेक एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण तिच्यात नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा: जुने इंजिन कुशल मिस्त्री पान्याने उघडतो, नव्या गाडीतला सेन्सर बिघडला की संगणक लावल्याशिवाय निदान होत नाही आणि गावापासून अधिकृत वर्कशॉप दूर. तरीही सुरक्षिततेचा विचार करता कुटुंबाच्या रोजच्या वेगवान प्रवासाला नवी सेडानच योग्य. कूपे जपावी, हौसेने, सावकाश चालवावी. वारसा म्हणून तिचे मोल मोठे आहे, पण ते सुरक्षिततेची भरपाई करत नाही.