नोंद कुठे ठेवू?

बँकेत आमच्याकडे 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असे. ज्या रकमेचा धनी संध्याकाळपर्यंत सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची, दिवसाचा मेळ जुळवायचा आणि घरी जायचं. ज्याचं सस्पेन्स खातं रिकामं, तो मॅनेजर चांगला. निवृत्त होऊन मी पूर्णवेळ कादंबरीकार झालो आणि लक्षात आलं, की आपलं सगळं टेबलच आता सस्पेन्स खातं झालंय. पाकिटांच्या पाठी, एसटीची तिकिटं, औषधाच्या दुकानातली बिलं. प्रत्येकावर एखादं वाक्य, पण कुठल्या प्रकरणाच्या नावे टाकायचं ते ठाऊक नाही. सौ.चा कारभार मात्र चोख. दूध, गॅस, बाईंचे खाडे, सगळं कालनिर्णयच्या चौकोनात.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. टेबल बघून म्हणाला, "मामा, चिठ्ठ्या कसल्या जमवतोस? नोंदींचं ॲप घे." मी विचारलं, "कुठलं?" इथेच चूक झाली. कारण पुढचे दोन महिने मी कादंबरीचं एक पानही लिहिलं नाही. ॲप निवडत बसलो.

कोणी वननोट सुचवलं. ते २००३ पासूनचं, खरोखरीच्या वहीसारखं. पानावर कुठेही टिचकी मारा आणि लिहा. कोणी म्हणे गूगल कीप, पिवळ्या चिठ्ठ्यांचं. वाणसामानाच्या यादीला झकास, पण कादंबरी त्यावर मांडणं म्हणजे फ्रिजच्या दारावर महाभारत चिकटवण्यासारखं. नोशन फार देखणं. त्यात तक्ते, कोष्टकं, कामांच्या याद्या एकमेकांत गुंफता येतात. मी तीन दिवस खपून पात्रांचा तक्ता केला. पात्रं होती तिथेच राहिली. या मंडळींत निकलास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव वारंवार निघतं. त्याने सुमारे ९०,००० कार्डांवर नोंदी ठेवल्या, एकमेकींना क्रमांकांनी जोडल्या आणि त्यांच्या बळावर ढीगभर पुस्तकं लिहिली. त्याच्याकडे ॲप नव्हतं हे मात्र कोणी ठासून सांगत नाही.

असो. माझी खरी अडचण निराळी होती. मला हवी ती नोंद २७ वर्षांपूर्वीची होती.

१९९९ मध्ये मी आईला समोर बसवून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी विचारल्या होत्या. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ताई चौदाची. मला आठवते ती फक्त सुकडीची चव आणि लाल मिलोची भाकरी. आई बोलत गेली, मी संगणकावर टाइप करत गेलो. त्या वेळच्या मराठी फॉन्टची गंमत अशी, की पडद्यावर मराठी दिसलं तरी संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असत. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आई २००६ मध्ये गेली. फॉन्ट कधी गेला ते कळलंही नाही. फाइल उघडली तर त्यात नुसते कंस, टक्क्यांची चिन्हं आणि परकी अक्षरं.

डीटीपीवाल्या एका मुलाने ती युनिकोडमध्ये आणून दिली. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर शाबूत राहतो. पण त्याच्याकडचं साधन दुसऱ्या कुठल्या तरी फॉन्टसाठीचं होतं. ट, ण, ळ अशा काही अक्षरांच्या जागी सगळीकडे सारखेच चौकोन आले.

त्यानंतर मी ॲपकडे बँकेच्या नजरेने पाहू लागलो. ठेवीदार व्याजदर विचारतो. शहाणा ठेवीदार आधी विचारतो, मोडायची झाली तर पैसे परत कसे मिळतात? मध्यंतरी एका फुकट सेवेत मी बऱ्याच नोंदी ठेवल्या होत्या. एक दिवस त्यांनी फुकटची मर्यादा इतकी आवळली, की नवी नोंद करायची तर पैसे भरा. दुकान त्यांचं, त्यांचा हक्क. पण गूगलनेही स्वतःची 'नोटबुक' सेवा २०१२ मध्ये बंद केलीच होती. तेव्हा नाव मोठं म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

शेवटी ऑब्सिडियनवर थांबलो. २०२० मध्ये आलेलं हे ॲप आपल्या नोंदी आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतं. उद्या ॲप बंद पडलं तरी त्या फायली नोटपॅडमध्येही उघडतात. जॉप्लिनही मला आवडलं होतं. ते मुक्तस्रोत आहे आणि त्यातून नोंदी साध्या मजकुरात बाहेर काढता येतात. कामांच्या यादीसाठी वेगळं काही घेतलं नाही. रोज सकाळी एक फाइल, वर तारीख, जुन्या डे-बुकासारखी.

मराठीत शोधताना मात्र एक खोडा आहे, तो कोणी आधी सांगत नाही. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. एका कीबोर्डने लिहिलेलं 'दुसऱ्या' दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर सापडेलच असं नाही. शिवाय 'पाणी' शोधलं तर 'पाण्यात' हाती लागत नाही. म्हणून मी प्रत्येक नोंदीखाली दोन-तीन मूळ शब्द लिहून ठेवतो. बॅकअपही रोज घेतो. शाखेत संध्याकाळचं बॅकअप तिजोरीत गेल्याशिवाय शटर ओढत नसू, ती सवय हाडात आहे.

आईची फाइल आता एकेक चौकोन भरत दुरुस्त करतोय. बहुतेक जागी संदर्भाने अक्षर कळतं. एका ओळीपाशी अडलो. आईचं वाक्य असं: ताईच्या डोक्यावर पा▯ी देताना माझेच हात थरथरले. पाणी की पाटी? आम्हाला लहानपणी सांगितलं जाई, की आई आणि ताई रोज लांबच्या विहिरीवर पाण्याला जात. मी 'ण' लिहून टाकणार होतो. मग ताईला फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाटी. खडीची. रस्त्याच्या कामावर जायचो आम्ही दोघी. पाणी आणायला म्हणून घरातून निघायचो, तुला आणि गल्लीला कळू नये म्हणून."

पुढे ती चाळीस मिनिटं बोलत राहिली. संगणक समोर चालू होता, पण मी हाताशी आलेल्या लाइट बिलाच्या पाठीवर लिहीत गेलो. ते बिल कीबोर्डखाली आहे. त्यातलं अर्धंही अजून टाइप केलेलं नाही.