रक्तात पोचलं, म्हणजे स्मृती सुधारली?

मंडूकपर्णी या वनस्पतीच्या अर्काची एक चाचणी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, स्मरणशक्ती उतरलेल्या वृद्धांवर झाली. २ आणि ४ ग्रॅमची एकेक मात्रा देऊन पुढचे काही तास ठरावीक वेळाने रक्त तपासलं गेलं. हा औषधगतीचा (औषध शरीरात शोषलं जाणं, पसरणं, बाहेर पडणं) अभ्यास. धरणातून सोडलेलं पाणी कालव्याच्या टोकाला केव्हा, किती पोचलं एवढंच यात मोजतात. पीक कसं आलं, ते नाही. त्यामुळे यावरून ‘स्मृती सुधारते’ म्हणणं घाईचं; आणि सुधारत नाही, असंही यातून निघत नाही.

मग अशा चाचणीला वृद्धच का, तरुण का नकोत? वयानुसार यकृत-मूत्रपिंडाचं काम मंदावतं, शिवाय आजी-आजोबांच्या बहुधा इतर गोळ्याही चालू असतात. तरुणांच्या रक्तावरून बेतलेली मात्रा त्यांना जास्त होऊ शकते, मग औषध झाडपाल्याचं का असेना.